माळ, मिश्री आणि मांढरदेव

लोणंदला माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो त्या पहाटे तळावर एक वास भरून राहिलेला असतो. ओल्या मातीचा, चुलीच्या धुराचा आणि त्यात मिसळलेला भाजक्या तंबाखूचा. राहुट्यांच्या कडेला बायका उकिडव्या बसून डाव्या तळहातावरची काळी पूड उजव्या बोटानं दातांवर घासत असतात. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात मिश्री. एका वर्षी मी अशाच एका आजींशेजारी बसलो होतो. माळ घातल्यापासून घरात दारूचा थेंब आला नाही, मटण शिजलं नाही, हे त्या अभिमानानं सांगत होत्या. मी विचारलं, "मग आजी, ही मिश्री कशी चालते माळेला?" त्यांनी शांतपणे चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "माळ घालताना महाराजांनी हिचं नाव कुठं घेतलं?"

धर्मामुळे माणूस व्यसनांपासून, रोगराईपासून, घातक रूढींपासून वाचतो की त्यांतच अडकतो, यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण मला त्या आजींच्या उत्तराइतकं नेमकं काही सापडलेलं नाही. धर्म ज्याचं नाव घेतो ते सुटतं. ज्याचं नाव घेत नाही ते माळेखालून निसटतं. आणि ज्याला तो पवित्र म्हणतो त्याच्या धोक्याबद्दल बोलायला कुणी धजत नाही. आमच्या खंडाळा तालुक्यात आणि आसपासच्या सातारा-सांगलीत या तिन्ही गोष्टी हाताच्या अंतरावर दिसतात. म्हणून हा आढावा इथूनच घेतो.

आकडे आधी पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या बायकांत दारू पिणाऱ्या ०.४ टक्के आहेत, आणि तंबाखू कोणत्याही रूपात वापरणाऱ्या १०.९ टक्के. पुरुषांत दारू १३.९ टक्के, तंबाखू ३३.८ टक्के. बायकांच्या त्या दोन आकड्यांमधली दरी पाहा. दारू पिणारी बाई धर्मालाही चालत नाही आणि गावालाही. मिश्री लावणारी बाई मात्र देवळात पहिल्या रांगेत बसते, तिला कुणी हटकत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र दोघींनाही असतो.

बाहेरच्या जगात यावर मोठमोठे अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत ७४ हजारांहून अधिक परिचारिकांचा वर्षानुवर्षं माग ठेवला गेला. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्यांमध्ये त्या काळातला मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक दारू-तंबाखू वर्ज्य मानतात, बरेचसे शाकाहारी असतात. त्यांच्यातले पुरुष त्याच राज्यातल्या इतर पुरुषांपेक्षा सरासरी सात वर्षं जास्त जगतात. त्या पंथाच्या यादीत तंबाखूचं नाव आहे, आपल्या माळेच्या यादीत नाही. इथंच बरंच काही आलं.

मात्र हे अभ्यास जसेच्या तसे आपल्याकडे उचलून आणता येत नाहीत. तिकडे धार्मिक माणूस ओळखायची खूण म्हणजे रविवारची हजेरी. आमच्याकडे कुणाला धार्मिक म्हणायचं? देवघर प्रत्येक घरात आहे. संकष्टी धरणारा, शनिवारी मारुतीला तेल वाहणारा, वर्षातून एकदा जेजुरीला जाऊन भंडारा उधळणारा आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर झिंगून पडलेला, हा एकच माणूस असू शकतो. त्याला कोणत्या रकान्यात बसवणार? आपल्या देशातला एक अभ्यास मला त्या मानानं जवळचा वाटतो. २०११ च्या प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर कल्पवास करणारे ४१६ यात्रेकरू आणि त्यांच्यासारखेच पण घरी राहिलेले १२७ लोक, यांची आधी आणि नंतर विचारपूस केली गेली. कडाक्याची थंडी, गोंगाट, नदीचं गार पाणी, एवढं सोसूनही परतलेल्यांनी आपली तब्येत सुधारल्याचं सांगितलं. घरी राहिलेल्यांत तसा बदल दिसला नाही. अभ्यासकांनी याचं श्रेय दिलं ते आपल्यासारख्याच लोकांच्या सोबतीला.

सोबत म्हणजे काय, हे वारीत दिसतं. आळंदीहून निघालेला सोहळा नीरेच्या स्नानानंतर आमच्या तालुक्यात शिरतो. या सोहळ्याला आजचं रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या माणसानं. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या किती आणि रथामागच्या किती हे ठरलेलं आहे, प्रत्येकीचा विणेकरी वेगळा आहे. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि लाखभर माणसं गप्प होतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती तेवढ्या शांततेत टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावं पुकारली जातात. माळकऱ्याची दारू सुटते ती या रचनेत. गावात परतल्यावर भजनी मंडळ असतं, दर एकादशीला दहा माणसं त्याची वाट पाहत असतात. एक दिवस आला नाही तर कुणीतरी घरी डोकावतं. पांडुरंगाच्या भीतीनं दारू सोडलेला माणूस मी क्वचित पाहिला. पखवाजवाला आपल्याविना अडेल म्हणून सोडलेले पुष्कळ पाहिले.

व्यसनमुक्तीचं आधुनिक शास्त्रही याच वाटेनं गेलं आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या बंधुभावात आपल्याहून मोठ्या शक्तीवर विसंबणं आहे, तसंच दर आठवड्याला एका खोलीत बसून एकमेकांपुढं खरं बोलणंही आहे. पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, तिथंही समूह हाच औषधाइतका महत्त्वाचा. आणि साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकारानं. ज्यांना लोक देवाधर्माच्या विरोधातला माणूस समजत होते, तेच दारू सोडवण्यासाठी वारकऱ्यांइतकेच तळमळत होते.

दुसरी बाजू श्रावणाची आहे. श्रावण पाळणं हा आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दारूबंदीचा कार्यक्रम म्हणावा लागेल. सरकार नाही, पोलीस नाहीत, तरी शिरवळपासून खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत महामार्गालगतच्या परमिट रूममधली गर्दी ओसरते. पण त्याच्या आदल्या दिवशी, आषाढी अमावास्येला, जिला दिव्यांची म्हणायचं तिचं 'गटारी' करून टाकलेलं असतं. महिनाभराची कसर एका रात्रीत. यातला खरा धोका कुणी बोलत नाही म्हणून इथं सविस्तर सांगतो. जो रोज क्वार्टर-दोन क्वार्टर पितो, त्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. तो श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम थांबला की त्याच रात्री हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी फेफऱ्याचा झटका येऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भास होऊ लागतात, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दारात उभी दिसतात, ताप चढतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. घरच्यांना वाटतं, बाहेरचं लागलं, नाहीतर कडक देवाचा कोप झाला. अंगारा लावला जातो, देवऋषी बोलावला जातो, आणि सरकारी दवाखान्यात सहज मिळणाऱ्या गोळ्या-सलाइनला उशीर होतो. श्रावणात दारू सोडणाऱ्याचं कौतुक जरूर करावं, पण रोजच्या पिणाऱ्याला सोडण्याआधी डॉक्टरकडे घेऊन जावं. कीर्तनकारानं एवढं एक वाक्य आषाढात सांगितलं तर कितीतरी घरं सावरतील.

कडक देव हा शब्द आलाच आहे, तर रोगांकडे वळू. मराठीत एका रोगाला आपण 'देवी' म्हटलं. त्या रोगाची लस टोचण्यालाही 'देवी काढणं' म्हटलं. रोग, देवता आणि औषध यांना एकच नाव देणारी भाषा माणसांच्या मनाबद्दल फार काही सांगून जाते. लस आली तेव्हा लोकांनी देवीला टाकलं नाही, लशीलाच देवीच्या नावात सामावून घेतलं. १९७५ मध्ये भारतातला देवीचा अखेरचा रुग्ण सापडला, १९८० मध्ये जग त्या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

पटकीचं तसं झालं नाही. पटकीची देवी मरीआई. गावात साथ आली की तिचा लाकडी गाडा सजवायचा, नैवेद्य, लिंबं, हिरवी चोळी, बांगड्या ठेवायच्या, पोतराजाचे कोरडे कडाडायचे आणि वाजत-गाजत गाडा शिवेपार पुढच्या गावच्या हद्दीत नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो त्याच्या पुढं. यात आपलं गाव वाचावं ही आर्त इच्छा होती, आणि शेजारच्या गावाचं काय होईल हा विचार नव्हता. पंढरपूरची वारी आणि पटकी यांचं नातंही एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी अहवालांत पुन्हा पुन्हा येतं. लाखो माणसं, एक नदी, तेच पिणं आणि तेच धुणं. आज त्याच वाटेवर पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं आणि आरोग्य पथकं असतात. एकही अभंग न बदलता वारी सुरक्षित झाली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

नायगाव आमच्याच तालुक्यातलं. ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई फुले इथं जन्मल्या, आणि १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगानं गेल्या. त्या काळात कित्येक घरांनी रोगी लपवले. इस्पितळात कुणाच्या हातचं खावं लागेल, बायकांना परका पुरुष हात लावील, जात बाटेल ही भीती प्लेगच्या भीतीहून मोठी होती. सावित्रीबाई आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोगी स्वतः घेऊन येत होत्या. त्यांना धर्मच नव्हता असं समजणं चूक आहे. सत्यशोधकांचा निर्मिक त्यांच्याबरोबर होता, फक्त त्याला विटाळ होत नव्हता. त्यांच्या नावावर असलेल्या भाषणांत व्यसनांवर एक आहे आणि कर्जावर एक आहे. जोतीरावांनी तर १८८० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य असताना दारूची दुकानं वाढवण्याला लेखी हरकत घेतली होती. नायगावला ३ जानेवारीला येणाऱ्या गर्दीला ही बाजू कुणी सांगत नाही, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

आता मांढरदेव. वाई तालुक्यातला तो डोंगर आमच्या तालुक्यातल्या लोकांच्या रोजच्या बोलण्यात असतो. काळूबाई कुणाची कुलदेवता, कुणाची नवसाची. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा. अरुंद चढण, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या. वर दर्शनाला रेटा, खालून येणाऱ्यांचा लोंढा. माणसं घसरली, त्यांच्यावर माणसं पडली, मग दुकानांना आग लागली आणि गॅसच्या टाक्या फुटल्या. २९० हून अधिक माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं फार. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगानं चौकशी केली. त्यानंतर गडावर पशुहत्या, दारू आणि वाद्यं यांना बंदी आली.

मांढरदेवची गर्दी आणि लोणंदची गर्दी यांत श्रद्धेचा फरक नाही. फरक घडणीचा आहे. वारीतला माणूस दिंडीचा असतो. काळूबाईला जाणारं प्रत्येक घर आपापला नवस, आपापलं बोकड, आपापला टेम्पो घेऊन, त्याच पौर्णिमेला, त्याच दोन-तीन तासांत देवीपुढं उभं राहायला धडपडत असतं. वाट कुणाची, पायऱ्या कुणी धुवायच्या, एका वेळी किती जणांनी चढायचं, हे विचारणं म्हणजे देवीच्या कामात आडवं येणं असं वाटायचं. ती भीती जात नाही तोवर कितीही आदेश काढले तरी बोकडं डोंगराच्या पायथ्याशी कापली जाणारच.

करोनाच्या काळात हाच फरक पुन्हा दिसला. २०२० च्या ३० जूनला माउलींच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. घरी बसलेले वारकरी रडले, पण रस्त्यावर आले नाहीत. २०२१ च्या रंगपंचमीला मात्र, जमावबंदी असताना, वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाचं बगाड हजारोंच्या गर्दीत ओढलं गेलं आणि पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. बावधनकरांना मी दोष देऊन मोकळा होणार नाही. बगाड एक वर्ष चुकलं तर गावावर अरिष्ट येईल ही त्यांची खरीखुरी धास्ती होती, आणि वारीत निर्णय घेणारे जसे सोहळाप्रमुख आहेत तसं 'या वर्षी देवाला घरूनच हात जोडू' हे म्हणण्याचं वजन तिथं एकट्या कुणापाशी नव्हतं.

जत्रांमधल्या डॉल्बीवर दोनच वाक्यं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. गावागावात देवाच्या नावानं ती तुडवली जाते, आणि पाळण्यातल्या बाळाच्या कानांचा विचार कुणी करत नाही.

मोठ्या बातम्यांच्या मागे राहून जातो तो बायकांचा रोजचा भाग. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं तेच सर्वेक्षण सांगतं. त्याच बायका सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, हरतालिका आणि नवरात्राचे नऊ दिवस धरतात. उपवासाला ताटात येतं काय, तर साबुदाणा, म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, आणि वर कपभर चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. गरोदर बाईलाही निर्जळी सोडायला कुणी सांगत नाही, कारण सांगणारी सासू स्वतः तशीच राहिलेली असते.

आणि गोळ्या. गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये तासभर थांबा. एखादी मुलगी येते, काउंटरवर वाकून हळूच म्हणते, "ती पुढं ढकलायची गोळी द्या." दुकानदार नाव विचारत नाही, चिठ्ठी मागत नाही, कागदात गुंडाळून देतो. पाळी लांबवणारी ही संप्रेरकाची गोळी आहे. मायग्रेन, उच्च रक्तदाब, यकृताचा आजार किंवा रक्तात गाठी होण्याची प्रवृत्ती असलेल्या बाईला ती महागात पडू शकते. डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये. गौरी जेवायच्या दिवशी घरातल्या कर्त्या सुनेची पाळी आली तर स्वयंपाक कुणी करायचा, हा प्रश्न सगळं घर त्या एका गोळीवर सोडून मोकळं होतं. पाळीच्या दिवशीही तिनं पुरण वाटलं तर गौरी जेवणार नाही, असं ठरवणाऱ्यांनी त्या गोळीचा कागद एकदा उलगडून वाचावा.

कृष्णा उतरून सांगलीकडे गेलं की हाच धागा सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन मिळतो. पोरीच्या केसांत जट झाली की देवीनं मागणी केली म्हणायचं आणि तिला देवीला सोडायचं, ही देवदासीची रीत १९३४ च्या कायद्यानं बंद व्हायला हवी होती. महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा कायदा करावा लागला. न विंचरलेल्या केसांचा गुंता कात्रीनं आणि समजुतीनं सुटतो, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी किती बायकांच्या डोक्यावर दाखवून दिलं आहे. सोडलेल्या मुली पुढं धंद्याला लागल्या, आणि नव्वदीत एचआयव्हीची लाट आली तेव्हा सांगली तिच्या तोंडी होती. तिथं १९९२ पासून 'संग्राम' संस्थेनं जे केलं ते शिकण्यासारखं आहे. धंद्यातल्या बायकांनीच एकमेकींना निरोध वाटले, समजावलं, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं बळ दिलं, आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'वॅम्प' ही संघटना झाली. त्यांनी यल्लम्माला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनीही आपली दिंडीच बांधली.

सांगली-मिरजेत शिकलेले साताऱ्याचे डॉ. दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घालून मारले गेले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अठरा वर्षं झटले तो त्या वर्षाच्या डिसेंबरात मंजूर झाला. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र-गंडा करणं त्यानं गुन्हा ठरवलं. वारी, कीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे, तरी काही वारकरी संघटना त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या. मला ही गोष्ट अजून सलते. माळकरी आणि दाभोलकर यांचा शत्रू एकच होता, आणि त्यांना एका पंगतीला बसवणारा गाडगेबाबांसारखा माणूस तेव्हा नव्हता. बाबांच्या कीर्तनात देवाचं नाव आणि खराटा एकाच हातात असायचा. दारू, कर्ज काढून तीर्थयात्रा, देवापुढं कापलेलं बोकड, यांतल्या प्रत्येकाचं नाव ते घेत आणि समोरच्या माणसाकडून उत्तर वदवून घेत.

दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाचे उपचार घेणारे गावोगावचे रुग्ण तिथं उतरतात. एका नातेवाइकासाठी मला तिथं जावं लागलं होतं. शेजारच्या खाटेवर फलटणकडचा एक माणूस होता. जबड्याचा अर्धा भाग काढलेला, नाकात नळी, आणि पट्ट्यांच्या खाली गळ्यात तुळशीची माळ. बायको पायाशी बसून होती. "बावीस वर्षं दिंडीत आहेत हो," ती म्हणाली. "दारूला कधी शिवले नाहीत." तंबाखू कधीपासून, असं मी विचारलं तेव्हा ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "ती तर आपली सगळेच खातात," ती म्हणाली. संध्याकाळी खाली कुणीतरी हरिपाठ धरला. शेजारच्या खाटेवरच्या त्या माणसाला तोंड उघडता येत नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला, पिशवीतून टाळ काढले आणि शेवटपर्यंत वाजवत राहिला.